यात आपला गड आहे का?

लोकमान्यांच्या पुण्यतिथीनिमित्त होणाऱ्या वक्तृत्व स्पर्धेसाठी वेल्हे तालुक्यातील (आता राजगड तालुक्यातील म्हणावयास हवे) एका माध्यमिक विद्यालयात जाण्याचा योग आला. नसरापूर मागे पडले, मार्गासनी आली, विंझर आले. परंतु राजगडाचे दर्शन काही झाले नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ढगांत बुडालेला गड दिसावा ही अपेक्षाच चुकीची. स्पर्धा उत्तम झाली. मुलामुलींनी 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' यावर तावातावाने भाषणे केली, बक्षिसे वाटली गेली, चहा झाला. मग विज्ञानाच्या शिक्षकांनी मला प्रयोगशाळेत नेले आणि पोलादी कपाट उघडून सहा पांढऱ्या पेट्या दाखविल्या.

पेट्यांत आभासी वास्तवाची उपकरणे होती. ज्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, ते दाखविणारे हे डोक्यावर चढवायचे यंत्र. शाळेतील मुले त्याला 'डबा' म्हणतात आणि हे नाव मला अधिक प्रामाणिक वाटले. डबा डोळ्यांवर बसविला, की समोरची भिंत, फळा, बाके, सारे नाहीसे होते. मान वळवावी तिकडे दुसरे जग दिसते. पाण्याखाली देवमासा बाजूने जातो, चंद्रावरची धूळ पायाशी असते, रक्तवाहिनीतून तांबड्या पेशी वाहत असतात. पुण्याजवळच्या एका उद्योगसमूहाने आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून ती उपकरणे शाळेला दिली होती. समारंभ झाला होता, छायाचित्रे झाली होती, फीत कापली गेली होती. त्यानंतर चार वेळा ती वापरली गेली. मी गेलो तेव्हा ती गेल्या सात महिन्यांपासून कपाटात होती.

"बिघडली आहेत का?" मी विचारले.

"बिघडली असती तर बरे झाले असते, साहेब," सर म्हणाले, "दुरुस्त तरी करून आणली असती."

बिघाड यंत्रात नव्हताच. उपकरण सुरू करावयाचे तर परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर खाते असावे लागते. ते खाते उपकरणे बसविण्यास आलेल्या तरुण अभियंत्याच्या नावाने उघडले गेले होते. तो नोकरी सोडून बंगळुरूला गेला. त्याचा परवलीचा शब्द त्याच्याबरोबर गेला. मध्यंतरी यंत्राच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली. ती उतरवून घेतल्याशिवाय यंत्र पुढे सरकेना आणि ती उतरवून घेण्याएवढे इंटरनेट शाळेत नाही. सरांनी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून प्रयत्न केला. दिवसाचा डेटा संपला, आवृत्ती अर्धीच उतरली.

शिक्षणातील नवतंत्रज्ञानावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. परिषदा भरतात, धोरणे जाहीर होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आभासी प्रयोगशाळांचा स्पष्ट पुरस्कार आहे. मुंबईत २०२५ च्या मे महिन्यात 'वेव्हज्' ही जागतिक दृक्-श्राव्य परिषद भरली, त्याच वर्षी राज्य शासनाने ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. या साऱ्याचे स्वागतच करावयास हवे. परंतु धोरणाचा प्रवास मंत्रालयापासून वेल्ह्यातील पोलादी कपाटापर्यंत होतो आणि तेथे थांबतो. तो का थांबतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. पैसा नाही म्हणून थांबतो, हे सोपे उत्तर. ते अपुरे आहे. सहा पेट्या कोणी तरी दिल्याच होत्या.

प्रथम साधा हिशेब पाहू. वर्गात अठ्ठेचाळीस मुले, उपकरणे सहा. म्हणजे आठ पाळ्या. एका पाळीत डबा डोक्यावर चढविणे, पट्टा आवळणे, दृश्य स्पष्ट होईपर्यंत भिंगे सरकविणे, दृश्य पाहणे, उतरविणे, पुसणे, याला आठ मिनिटे तरी लागतात. झाली चौसष्ट मिनिटे. तासिका असते पस्तीस-चाळीस मिनिटांची. शिवाय ज्यांची पाळी नाही त्या बेचाळीस मुलांनी तोवर काय करावयाचे? आणि डबा घातलेल्या मुलाला समोरचे बाक दिसत नसल्यामुळे तो हात फिरवितो, पाऊल टाकतो. त्याच्याभोवती मोकळी जागा हवी. म्हणजे बाके हलविणे आले. ज्या शिक्षकाकडे विज्ञान, गणित आणि वर्गशिक्षकपद अशी तिन्ही कामे आहेत, त्याला हे वर्षातून चार वेळा जमले, याचेच मला कौतुक वाटले.

प्राथमिक शाळांची स्थिती याहून बिकट. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगराळ भागात जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा द्विशिक्षकी आहेत. चार इयत्ता, दोन गुरुजी. त्यांतील एक गुरुजी पोषण आहाराचा तांदूळ मोजत असतात, नाही तर 'सरल' आणि 'यू-डायस'च्या रकाने भरत असतात. निवडणूक, जनगणना आणि आपत्तिनिवारण ही कामे तर शिक्षण हक्क कायद्यानेच शिक्षकांच्या माथी ठेवली आहेत. अशा शाळेत आभासी वास्तव आणणे म्हणजे उपाशी माणसाला पंचपक्वान्नांची यादी वाचून दाखविण्यासारखे आहे. २०२४-२५ च्या यू-डायस अहवालानुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आहेत आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. आदल्या वर्षापेक्षा हे प्रमाण वाढले, ही आनंदाची गोष्ट. तरीही तीनांतील एक शाळा आजही त्याविना आहे. आणि 'आहे' या शब्दाचा अर्थ आषाढ-श्रावणात वेल्ह्यात जाऊन तपासावा. भाटघरच्या धरणाची भिंत १९२८ साली पूर्ण झाली, तेथे आज वीजही निर्माण होते. धरणाच्या फुगवट्याकाठच्या वस्त्यांत मात्र एक झाड तारेवर पडले, की दोन-दोन दिवस अंधार. वीजबिलाच्या थकबाकीपायी शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या तर महाराष्ट्राला नव्या नाहीत.

टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा झाली, तेव्हा सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला होता. आपण तिच्या जिद्दीचे कौतुक केले आणि पुढे गेलो. त्या झोपडीने यंत्रणेबद्दल जे सांगितले होते, ते ऐकावयाचे राहून गेले.

आता डोळ्यांचे. या विषयावर पालकांनी सावधपणे विचार करावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपण एखादी वस्तू पाहतो, तेव्हा दोन्ही बुबुळे तिच्या अंतराप्रमाणे आत-बाहेर वळतात आणि डोळ्यातील भिंग त्याच अंतरावर नजर स्थिर करते. ही दोन्ही कामे एकत्र चालतात. डब्यात मात्र बुबुळे दूरच्या देवमाशासाठी एका कोनात वळतात, जवळच्या माशासाठी दुसऱ्या कोनात वळतात. नजर मात्र यंत्रातील भिंगांनी ठरविलेल्या एकाच अंतरावर खिळलेली असते. या विसंगतीने डोळे शिणतात. मळमळीचे कारण आणखी निराळे. वरंध घाटातून एस.टी.ने महाडला जाताना पुस्तक वाचणाऱ्याला जे होते, त्याच्या नेमके उलट येथे घडते. घाटात कान सांगतो की आपण हलत आहोत आणि पुस्तकावरची नजर सांगते की स्थिर आहोत. डब्यात नजर सांगते हलत आहोत, कान म्हणतो जागचे हललेलो नाही. मेंदूला हा वाद मिटविता येत नाही आणि पोट ढवळते.

त्यात ही यंत्रे मोठ्या माणसांच्या मापाची. प्रौढाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी त्रेसष्ट मिलिमीटरच्या आसपास असते, लहान मुलांचे त्याहून बरेच कमी. जगभर सर्वाधिक खपलेल्या उपकरणांपैकी एकात, २०२० साली आलेल्या 'क्वेस्ट २' मध्ये, भिंगांच्या तीनच जागा होत्या : अठ्ठावन्न, त्रेसष्ट आणि अडुसष्ट मिलिमीटर. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्यांतील एकही बसत नाही. वजन अर्धा किलो. कंपनीने स्वतःच प्रथम तेरा वर्षांची किमान वयोमर्यादा ठेवली होती. २०२३ साली पालकांच्या नियंत्रणाखालील खात्यांसाठी ती दहावर आणली. आता गंमत पाहा. आपल्याकडे शिवछत्रपतींचा इतिहास मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली ती चौथीत, म्हणजे वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी. ज्या धड्यासाठी हे साधन सर्वांत मोहक वाटावे, त्या धड्याच्या वयाला ते वापरूच नये, असे खुद्द निर्माता सांगतो.

स्वच्छतेचा मुद्दाही किरकोळ नाही. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदी परिसरात डोळ्यांची साथ आली आणि पाहता पाहता राज्यभर पसरली. एकाच डब्यात अठ्ठेचाळीस मुलांचे डोळे घालावयाचे, तर प्रत्येक वेळी पुसण्याची काळजी घेणारे माणूस हवे. ते माणूस कोणत्या मंजूर पदावर असेल?

इतके अडथळे सांगितल्यावर काही वाचक म्हणतील, मग ही थेरे हवीत कशाला? फळा-खडूने घडविलेली माणसे काय कमी पडली? माझे मत तसे नाही. या साधनाचा शोध काही कालचा नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसविण्याचे पहिले असे यंत्र बनविले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागले. तेथून आजच्या अर्ध्या किलोपर्यंत मजल आली आहे. उद्या ते चष्म्याएवढे होईल. तेव्हा वेल्ह्यातील मुलाने ते प्रथमच पाहावे आणि पुण्यातील मुलाने ते कंटाळून टाकून द्यावे, अशी दरी आपण आजपासून पोसायची का? शाळेत प्रयोगशाळा नाही, समुद्र दोन घाटांपलीकडे, तारांगण पुण्यात. ज्या मुलांना मूळ गोष्ट पाहण्याची संधी सर्वांत कमी, त्यांनाच या साधनाचा सर्वाधिक उपयोग आहे.

मात्र उपयोग कशाने होतो, याबद्दल भाबडेपणा नको. डेन्मार्कमधील गिडो मकरान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की आभासी प्रयोगशाळा डब्यातून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण तेथे प्रत्यक्ष असल्याची भावना अधिक तीव्रतेने झाली; परंतु तीच प्रयोगशाळा साध्या संगणकाच्या पडद्यावर पाहणारे त्यांच्यापेक्षा अधिक शिकले. डोळे दिपले, बुद्धी मागे राहिली. त्याच्या आदल्या वर्षी पारोंग आणि मेयर या अमेरिकन संशोधकांनी रक्तपेशींच्या पाठावर असाच प्रयोग केला होता. तेथेही साधी चित्रफलकांची मालिका सरस ठरली. पण त्यांनी पुढे एक गोष्ट केली. डब्यातील पाठ टप्प्यांत तोडला आणि प्रत्येक टप्प्यानंतर विद्यार्थ्यांना आपण काय पाहिले ते स्वतःच्या शब्दांत मांडावयास लावले. तसे करताच शिकणे सुधारले.

थांबवून 'काय पाहिलेस, सांग' असे विचारणे हे तर गुरुजींचे काम. म्हणजे ज्या यंत्राने शिक्षकाची उणीव भरून निघेल असे विक्रेते सांगतात, ते यंत्र शिक्षकाशिवाय शिकवतच नाही. हे येथे आवर्जून सांगण्याचे कारण आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले, तेव्हा आदर्श म्हणून नंदुरबारमधील तोरणमाळ आणि आपल्या वेल्ह्यातील पानशेत यांची नावे पुढे केली होती. समूह शाळेचे गुणदोष हा वेगळ्या लेखाचा विषय. चांगली इमारत, पुरेसे शिक्षक, खेळायला सवंगडी या तिच्या जमेच्या बाजू मी नाकारीत नाही. सहा वर्षांच्या पोराने धरणाच्या काठाकाठाने रोज बसने जावे का, हा प्रश्नही सुटलेला नाही. मला भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. उद्या एखादा हुशार अधिकारी म्हणेल, 'पट नऊ आहे ना? मग शिक्षक कशाला? डबे द्या.' शहरात जे साधन शिक्षकाच्या जोडीला येईल, ते डोंगरात शिक्षकाच्या जागी येईल. वेल्ह्यातील पालकांनी आणि त्या भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पहारा द्यावा तो या ठिकाणी.

आणखी एक अडथळा आपल्या भाषेचा. सरांच्या कपाटातील उपकरणांत एकूण चौदा पाठ होते. सगळे इंग्रजीत, अमेरिकी उच्चारांत. सर शेजारी उभे राहून मराठीत सांगत. पण डबा घातलेल्या मुलाला काय दिसते आहे ते सरांना दिसत नसे. "बाळ, आता काय दिसते आहे?" असे विचारून ते अंदाजाने भाषांतर करीत. मराठीत पाठ का नाहीत, याची चौकशी मी पुण्यातील या क्षेत्रातील एका तरुणाकडे केली. पैसा आणि बाजारपेठ ही कारणे त्याने सांगितलीच. पण एक कारण ऐकून मी थक्क झालो. ज्या आज्ञाप्रणाल्यांवर हे आभासी देखावे तयार होतात, त्यांतील प्रमुख प्रणालीच्या अक्षरजुळणीला कित्येक वर्षे देवनागरी नीट लिहिताच येत नव्हती. जोडाक्षरे फुटत. ऱ्हस्व वेलांटी, जी टंकात नंतर येते पण दिसावयास अक्षराच्या आधी हवी, ती तशीच मागे राहत असे. 'शिवराय' लिहावे तर पडद्यावर 'शविराय' दिसे. यातून वाट काढण्यासाठी तरुण मुले मजकुराची चित्रे करून चिकटवीत. ज्या लिपीत कोट्यवधी माणसे लिहितात, ती या नव्या जगाच्या निर्मात्यांच्या हिशेबात उशिरा आली, कारण आपण गिऱ्हाईक म्हणून मोठे असलो तरी निर्माते म्हणून त्या मेजावर नव्हतो. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह आपण धोरणात धरतो, तो धरावयासच हवा. परंतु त्याचा एक मोर्चा या अक्षरजुळणीच्या तांत्रिक बारकाव्यातही लढावा लागतो, याचे भान आपल्या भाषाभिमान्यांना क्वचितच असते. मलाही नव्हते.

परावलंबनाची किंमत जगाने मोजून झालेली आहे. गूगलने २०१४ साली पुठ्ठ्याचा स्वस्त डबा काढला आणि २०१५ पासून 'एक्सपिडिशन्स' नावाने शाळांसाठी आभासी सहलींचा उपक्रम चालविला. कित्येक देशांतील शिक्षकांनी त्यावर आपले पाठ बेतले. २०२१ च्या जूनअखेर कंपनीने तो बंद केला. काही सहली दुसरीकडे हलविल्या, शिक्षकांनी बसविलेली घडी मात्र मोडली. दुसऱ्या बलाढ्य कंपनीने २०२० साली फर्मान काढले, की आमचे उपकरण वापरावयाचे तर आमच्या समाजमाध्यमावर खाते हवेच. ओरड झाल्यावर २०२२ मध्ये ते मागे घेतले. मायक्रोसॉफ्टने आपल्या 'होलोलेन्स २'चे उत्पादन २०२४ मध्ये थांबविले. या कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या व्यापार करतात. पण ज्या दुकानाचे शटर दुसऱ्याच्या इच्छेने खाली येते, त्या दुकानावर आपण शाळा चालवावी काय? हा डबा मुलाचे डोके कोठे वळले, हात कसा हलला हे सतत नोंदवीत असतो, हेही विसरू नये. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. शिक्षणसंस्थांना त्यात काही सवलती असल्या, तरी वेल्ह्यातील त्या खात्याचा मालक एक नोकरी सोडून गेलेला अभियंता होता, हे ध्यानात घ्यावे.

केवळ परकीयांकडे बोट दाखवून मात्र आपली सुटका नाही. पुण्यात सेनापती बापट मार्गावर, बालभारतीच्या शेजारी, बालचित्रवाणी होती. १९८४ साली सुरू झालेली ही आपल्या राज्याची शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था. दूरदर्शनवरून तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी मोठी झाली. कॅमेरे होते, कलागृह होते, मराठीत मुलांसाठी दृक्-श्राव्य पाठ लिहिण्याचा दांडगा अनुभव असलेली माणसे होती. केंद्राचा निधी थांबला, राज्याने भार उचलला नाही, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्थेला कुलूप लागले. आज ती असती, तर मराठी आभासी पाठ कोणी करावयाचे, हा प्रश्न विचारावा लागला नसता. २००४ साली केवळ शिक्षणासाठी सोडलेला 'एज्युसॅट' उपग्रह, २०११ चा 'आकाश' टॅब्लेट, त्यानंतर लोकवर्गणीतून शाळाशाळांत लागलेले प्रक्षेपक... यंत्र आले की आपण नारळ फोडतो. यंत्र चालू ठेवणाऱ्या माणसाची तरतूद अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षाखाली करावयाची, हे आपल्याला आजवर सापडलेले नाही.

याउलट ज्या गोष्टी टिकल्या, त्या पाहाव्यात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबविली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तंत्र साधे, शिक्षकाच्या हातातले, भाषा मुलांची. दुसरे उदाहरण पुण्याच्या विज्ञान वाहिनीचे. अमेरिकेतून परतलेल्या देशपांडे दांपत्याने १९९० च्या दशकात फिरती प्रयोगशाळा सुरू केली. बसमध्ये प्रयोगाचे साहित्य, बरोबर निवृत्त आणि जाणकार शिक्षक. बस शाळेत येते, दिवसभर मुले हाताने प्रयोग करतात. येथे यंत्राबरोबर माणूस येतो आणि यंत्राबरोबर माणूसच परत जातो, हे महत्त्वाचे.

माझी सूचना याच वाटेने जाते. शाळेशाळेला सहा डबे वाटण्याऐवजी तालुक्याला तीस डब्यांचा एक संच असावा, तो गाडीतून फिरावा आणि त्याच्याबरोबर दोन प्रशिक्षित तरुण असावेत. भोर आणि वेल्ह्यात विज्ञानाचे पदवीधर झालेली मुले-मुली आहेत. त्यांनाच हे काम मिळावे. आठवीच्या पुढच्या विद्यार्थ्यांनाच डबा द्यावा, एका बैठकीत दहा मिनिटांहून अधिक नको. पाठ अगोदरच यंत्रात भरलेले असावेत, म्हणजे रेंजची लाचारी नाही. गाडीवर सौरपट्ट्या बसविता येतात. खाते शाळेच्या वा तालुक्याच्या नावाने असावे. उद्योगसमूहांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार दायित्व निधी खर्च करावयाचाच असतो. त्यांनी यंत्रांपेक्षा माणसांच्या पाच वर्षांच्या मानधनाची हमी द्यावी. त्यात फीत कापावयास मिळणार नाही, ही अडचण आहे खरी.

पाठ कोणते? येथे मी माझे एक मत बदलले, ते प्रांजळपणे सांगतो. मी सरांना म्हणालो होतो, की सागरतळ दाखवा, हृदयाची झडप दाखवा, विद्युत्प्रवाह दाखवा. पण कृपा करून राजगड दाखवू नका. जो गड खिडकीतून दिसतो, तो डब्यात कशाला? गुंजवण्याची चोरवाट आहे, पालीची पायवाट आहे. मुलांनी घाम गाळून वर जावे, पद्मावती माचीवर भाकरी खावी, सुवेळा माचीच्या नेढ्यात वारा अंगावर घ्यावा. जेथून जवळजवळ पाव शतक स्वराज्याचा कारभार चालला, त्या मातीला पाय लागावेत.

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पहिल्या प्रात्यक्षिकाच्या दिवसाची हकिकत सांगितली. नववीत एक मुलगी आहे. जन्मापासून पायांत दोष, कुबड्या घेऊन चालते. घराच्या ओट्यावरून तिला आयुष्यभर राजगड दिसत आला आहे. दर वर्षी सहल गडावर जाते आणि ती ओट्यावर बसून राहते. त्या दिवशी तिची पाळी आली. अभियंत्याने तिला इजिप्तचे पिरॅमिड दाखविले. डबा उतरवून तिने विचारले, "सर, यात आपला गड आहे का?"

नव्हता. पिरॅमिड होते, रोमचे क्रीडागार होते, डायनासोर होते. सत्तावीस मावळ्यांनी की पन्नास, कोणी का असेना, ज्या तटावर पहारे दिले तो तट नव्हता. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली. त्यांत राजगड आहे. नामांकनासाठी गडांचे तपशीलवार नकाशे आणि छायाचित्रे सादर करावी लागतात. राजगड राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे. सार्वजनिक पैशातून झालेले हे दस्तऐवजीकरण शाळांना उपलब्ध व्हावे, त्यावरून संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, आज ढासळलेल्या वाड्यांची जोती, तळी, दरवाजे यांचा मराठी आभासी पाठ जाणकारांच्या देखरेखीखाली तयार व्हावा, ही मागणी अवाजवी नाही. जे दिसते ते आणि जे अनुमानाने उभे केले आहे ते, यांतील फरक त्या पाठात स्पष्ट दाखविला पाहिजे. आंबेगावची शिवसृष्टी, जिचा पहिला टप्पा २०२३ साली खुला झाला, ती पाहून आलेल्यांना तंत्रज्ञानाने इतिहास किती जवळ येतो हे माहीत आहे. पण तेथे जाण्यासाठीही प्रवास करावा लागतो.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चढूनच जावे, हे माझे म्हणणे कायम आहे.

परवा सरांचे पत्र आले. खाते उघडून देण्याविषयी त्यांनी उद्योगसमूहाला तीन स्मरणपत्रे धाडली आहेत, उत्तर नाही. दरम्यान पुण्यातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी चोहोबाजूंचे चित्रण करणारा कॅमेरा आणण्याचे कबूल केले आहे. संचालनालयाकडे परवानगीचा अर्ज केला आहे. डिसेंबरच्या सहलीत बालेकिल्ला आणि तिन्ही माच्यांवरून चित्रण करावयाचे ठरते आहे. कॅमेरा कोठे कोठे ठेवायचा याची यादी त्या मुलीने केली असून ती पत्रासोबत जोडली आहे. एकवीस जागा आहेत. शेवटच्या जागेपुढे तिने लिहिले आहे : येथून आमचे घर दिसते का, ते पाहावे.